ओळ पुरी होईपर्यंत

बसकरपट्ट्या कापल्या तिथेच सगळे बिघडले, असे आमच्या गुप्ते तलाठ्यांचे आजही ठाम मत आहे. कापण्याची कल्पना मुळात त्यांचीच होती, हे ते सोयीस्करपणे विसरतात. महसूल खात्यात काही वर्षे काढली की ही विसरण्याची कला माणसाला आपोआप साधते.

या पट्ट्या तरटाच्या होत्या, चांगल्या लांबलचक. त्यांच्यावर मुलांनी ओळीने बसायचे आणि भिंतीकडे बघत पाढे म्हणायचे, अशी मोहपाड्याच्या शाळेची रीत होती. पट्ट्यांखेरीज डेडस्टॉकात, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, एक फळा आणि एक खुर्ची होती. खुर्चीला तीनच पाय असल्याने ती भिंतीला टेकवून ठेवलेली असे, आणि तिच्यावर बसलो की मीही भिंतीला टेकलेला असे. त्यामुळे आम्हा दोघांची गणना स्थावर मालमत्तेत करायला हरकत नव्हती.

आता इतकी सुखाची शाळा असताना मला नवी पद्धत काढण्याची अवदसा का आठवली ते सांगतो. जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हापासून सरकारला विलीन करण्याचा नादच लागला होता. कचेऱ्या विलीन झाल्या, खाती विलीन झाली, आणि मग गाडी लहान शाळांवर आली. दिवाळीनंतर शिक्षण खात्याचे डिप्टीसाहेब तपासणीला येणार आणि मुले शिकत नाहीत असे त्यांना दिसले तर मोहपाड्याची शाळा खोडाळ्याच्या शाळेत विलीन करणार, असा हुकूम आला. कागदावर त्यात काही वावगे नव्हते. पण पाडा आणि खोडाळा यांच्यामध्ये एक नदी आहे आणि तिच्यावर पूल नाही. पावसाळ्यात नदी कुणाला पलीकडे जाऊ देत नाही आणि उरलेल्या दिवसांत मधला डोंगर जाऊ देत नाही. शाळा खोडाळ्याला गेली की पाड्यातली पोरे गुरांमागे जाणार, हे कुणी बोलत नसले तरी सगळ्यांना कळत होते.

माझे घर जव्हारचे. तिथे घर होते, सासुरवाडी होती, संध्याकाळी बाजारात भेटणारी चार माणसे होती. तिकडे बदली व्हावी म्हणून मी अर्ज टाकून ठेवला होता. गुप्ते म्हणाले, "टिपणीस, नुसत्या अर्जानं बदली होत नसते. डिप्टीला काहीतरी नवीन करून दाखवा. शाळा वाचेल आणि तुम्हीही सुटाल." मी जाणार आणि शाळा राहणार, हा हिशोब मलाही पटला.

नवीन काय दाखवायचे याचाही प्रश्न नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा शिक्षकांचा ठाण्याला एक वर्ग झाला होता. त्या दिवसांत सहकाराची जणू साथ आली होती. धान्याची दुकाने सहकारी, जंगलतोड सहकारी, तेव्हा शिक्षण तरी मागे का राहावे? तिथे एका विद्वान व्याख्यात्यांनी आम्हाला सहकारी अध्ययन शिकवले. चार-चार मुलांचे गट करायचे. गटात एक हुशार, एक मठ्ठ आणि दोन मध्यम. हुशाराने मठ्ठाला शिकवायचे, मध्यमांनी दोघांना सांभाळायचे, आणि एकाला आले म्हणजे झाले असे न मानता चौघांना आले तरच झाले असे मानायचे. व्याख्यान फार सुंदर झाले. मुलांनी हे खरोखरच मनावर घेतले तर काय करायचे, तेवढे मात्र सांगायचे राहून गेले.

चार मुलांनी एकमेकांकडे तोंड करून बसायचे तर लांब पट्टी काय कामाची? गुप्ते ओटीवर बसून चहा पीत होते. म्हणाले, "कापा की. तरट ते तरट. त्यात काय?" मी बायकोची कात्री घेतली आणि चार पट्ट्यांचे चांगले चौकोनी तुकडे केले. द्वारका, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "काठ शिवल्याशिवाय ते उसवत जाईल हं." तिकडे कुणी लक्ष दिले नाही. सरकारी मालमत्ता कमी झाली तर खुलासा द्यावा लागतो हे मला ठाऊक होते. वाढली तरी द्यावा लागतो, हे डेडस्टॉकात चार पट्ट्यांच्या जागी डझनभर तुकडे दाखवल्यावर कळले. 'सदरहू वाढ कोणत्या मंजुरीने झाली' या प्रश्नाला मी तीन वेळा उत्तर दिले आणि तिन्ही वेळा तेच पत्र उलट टपाली परत आले. पण ते असो. मी पहिल्या दिवसाकडे येतो.

पहिल्या गटात मी कमूला ठेवले. कमू ही पुंजाची नात, आणि पुंजा हा पाड्यातला सर्वांत वडीलधारा माणूस. माझे वाक्य पुरे व्हायच्या आत त्यातली चूक काढणारी ती वर्गातली एकमेव विद्यार्थिनी होती. तिच्याबरोबर रुपी आणि जैतू हे दोन मध्यम, आणि मठ्ठ म्हणून बारक्या. हे नाव त्याला जन्मल्या दिवशी शोभले असेल, आता तो वर्गात सगळ्यांत थोराड होता. गणित दिसले की तो घाबरत नसे आणि रडतही नसे. पाटीवरच्या आकड्यांकडे बघत तो शांत बसे, आकडेच कधीतरी आपणहून बोलतील असा त्याचा भरवसा असावा.

त्या दिवशी वजाबाकी होती, आणि तीही शेजारच्या घरातून दहा उसने घेण्याची. ही वजाबाकी मी बारक्याला दोन वर्षे शिकवत होतो आणि दोन वर्षे तो मला एकच प्रश्न विचारत होता.

"मास्तर, दहा उसनं घेतलं ते परत कदी द्यायचा?"

"परत द्यायचे नसतात रे."

"मंग ते उसनं कसा?"

यावर ट्रेनिंग कॉलेजात काही सांगितलेले नव्हते. मी त्याला खाली बसवत असे.

त्या दिवशी मात्र मी खुर्चीवर भिंतीला टेकून बसलो आणि वर्ग आपोआप चालू लागला. सगळीकडे कुजबुज, पाट्यांवर पेन्सिली, डोक्याला डोकी लागलेली. दृश्य इतके सुंदर होते की ठाण्याच्या व्याख्यात्यांना पत्र लिहावे असे मी मनात ठरवले. मग शाळा सुटायची वेळ झाली आणि मी घंटा दिली. घंटा म्हणजे दारातल्या झाडाला टांगलेला लोखंडाचा तुकडा. एरवी त्याचा आवाज विरायच्या आत वर्ग रिकामा होई. आज एकही पोर उठले नाही.

"शाळा सुटली," मी म्हणालो.

"नाय सुटली," कमू म्हणाली. "बारक्याचा व्हायचा हाय."

"बाकीच्यांचं झालं ना? त्यांनी जावं."

पोरांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच काहीतरी अशोभनीय बोललो होतो. कुणी हलले नाही. इथे एक सांगायला हवे. या भागात सगळे सगळ्यांना तू म्हणतात. बापाला तू, तलाठ्याला तू, पूर्वी राजालाही तूच म्हणत असे ऐकले आहे. त्यामुळे जैतूने "मास्तर, तू बस वायीच", म्हणजे जरा वेळ बस, असे म्हटले तेव्हा त्यात अनादर नव्हता. तरीही मी बसलो तेव्हा माझा स्वाभिमान थोडा दुखावलाच.

उन्हे कलली. पोरे का आली नाहीत म्हणून पाड्यातली माणसे पाहायला आली. पुढे पुंजा, त्याच्यामागे बारक्याची आई माघी, आणि बरीच मंडळी. मला वाटले हे ओरडून पोरांना घरी नेतील आणि माझी सुटका होईल. पुंजाने दारातून विचारले, "काय झाला?"

"बारक्याचा राहला हाय," आतून कमू.

"हां," असे म्हणून पुंजा पडवीत बसला. त्याच्या मागोमाग सगळा पाडा बसला. आतून कमूचा आवाज येत होता. "हे बघ. आवनीला भात लावाया आपला मानूस कमी पडला, म्हनून शेजारून एक आनला. मंग शेजारी एकानं कमी झाला का नाय?"

"झाला," बारक्या म्हणाला.

"मंग त्याचा एक खोडून टाक."

मग पाटीवर पेन्सिल चालल्याचा आवाज आला. बारक्याची वजाबाकी बरोबर आली होती. दोन वर्षांत जे मला जमले नाही ते झाले होते, आणि मला आनंद झाला हे मी लपवून ठेवत नाही. माघीने लेकाची पाटी हातात घेतली, तिला वाचता येत नव्हते तरी दोन्ही बाजूंनी पाहिली आणि जपून परत दिली.

आता तरी मंडळी जातील म्हणून मी कुलूप हातात घेतले. कुणी जाईना. पोरे तुकड्यांवर बसलेली, माणसे पडवीत बसलेली, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

"आता काय?" मी विचारले.

पुंजा अवघडल्यासारखा झाला. "मास्तर, समद्यांनी मिलून काम केला ना?"

"केलं."

"मंग जेवाया कदी देतोस?"

त्यांच्याकडे भाताची आवणी असते तेव्हा सगळा पाडा एकाच्या शेतावर जातो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. सगळे एका ओळीत उभे राहून रोपे लावतात आणि शेवटच्याची ओळ पुरी झाल्याशिवाय कुणी घरी जात नाही. आणि ज्याचे शेत त्याने सगळ्यांना जेवायला घालायचे. हे जेवण म्हणजे मजुरी नव्हे. काम कोणाचे होते हे त्या जेवणावरून कळते. हे सगळे मला पुढे कळले. त्या क्षणी मला एवढेच कळले की शिक्षण खात्याच्या पगारात शंभर माणसांची पंगत बसत नाही.

"पुंजा, हे माझं काम नाही," मी म्हणालो.

"मंग कोनाचा?"

"सरकारचं."

"सरकार जेवाया देल?"

"नाही."

पुंजा उठला. त्याला राग आला नव्हता, वाईट वाटले होते, आणि ते जास्त वाईट होते. "मंग ही वेठ झाली, मास्तर," तो म्हणाला.

वेठ म्हणजे काय हे त्या पाड्यात कुणाला समजावून द्यावे लागत नव्हते. बोलावणे आले की जायचे, साहेबाचे सामान वाहायचे, सावकाराचे गवत कापायचे आणि उपाशी पोटी परत यायचे. सगळ्यांना मिळून राबवणारा पण जेवायला न घालणारा माणूस त्यांनी आतापर्यंत एकाच जातीचा पाहिला होता, आणि मी आज त्यात जाऊन बसलो. जो मी झेंडावंदनाच्या भाषणात वेठबिगारीवर घसा बसेपर्यंत बोललो होतो, तो मी. दुसऱ्या दिवशी शाळेत एकही पोर आले नाही. मी आणि खुर्ची दोघेच भिंतीला टेकून बसलो.

गुप्ते संध्याकाळी आले ते कपाळाला हात लावूनच. खोडाळ्याच्या बाजारात बातमी पोहोचली होती की मोहपाड्याचा मास्तर पोरांना वेठीला धरतो. "वेठ कायद्यानं बंद आहे, टिपणीस," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही असं करा, आजारी पडा." महसूल खात्यात आजारी पडणे हा सगळ्या अडचणींवरचा पहिला उपाय असतो. पण त्याआधीच वरून विचारणा आली की मुलांकडून कोणत्या प्रकारचे काम करवून घेण्यात येते. मी लिहिले, 'वजाबाकी'. त्यावर उत्तर आले की सदर पिकाची नोंद आढळत नाही, तरी क्षेत्र कळवावे. कुणी लिहिले, कसे लिहिले, मला आजवर कळलेले नाही.

मी ओटीवर डोके धरून बसलो होतो. द्वारका तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "एवढं काय अवघड आहे? जेवायला घाला."

"कुठून घालू? आणि का घालू? काम सरकारचं आहे."

"सरकार येऊन बसतंय का त्या मोडक्या खुर्चीवर? ती पोरं शिकली तर तुम्हाला आनंद होतो ना?" ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "त्या दिवशी बारक्याची वजाबाकी आली म्हणून चारदा सांगितलंत. मग काम तुमचंच. आधी कोणाचं काम ते ठरवा, तांदळाचं मी बघते."

मी पुंजाच्या घरी गेलो. तो दारात बसून इरले दुरुस्त करत होता. इरले म्हणजे पावसात पाठीवर घ्यायचे बांबूचे आणि पानांचे छप्पर. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "पुंजा, काम माझं आहे. उद्या सगळ्यांनी जेवायला या."

पुंजाने वर पाहिले. "तुजा?"

"माझं."

"तसा सांगायचा ना आधी," तो म्हणाला, आणि इरले बाजूला ठेवून मला बसायला जागा केली.

शाळेच्या अंगणात जेवण झाले. भात, उडदाचे वरण आणि सुक्या बोंबलांची चटणी. भांडी पाड्यातूनच आली, लाकडे पोरांनी आणली, वरण ढवळायला माघी आपणहून उभी राहिली. द्वारकेच्या माहेरून आलेला तांदूळ त्यात संपला आणि माझे सासरे पुढे कितीतरी दिवस माझ्याशी मोजकेच बोलले. पण दुसऱ्या दिवशी शाळा भरली ती अशी की तुकडे पुरेनात. जी पोरे कधी आली नव्हती तीही आली, कारण जेवलो म्हणजे कामात आलो असा त्यांचा सरळ हिशोब होता.

मला वाटले, प्रकरण इथे मिटले. आषाढात एके सकाळी मी दात घासत असताना पुंजा दारात उभा राहिला. त्याच्या हातात एक जास्तीचे इरले होते.

"मास्तर, चल. आवनी हाय."

"मग?"

"तुज्या कामाला आमी आलो ना?"

मी द्वारकेकडे पाहिले. तिने दुसरीकडे पाहिले. इरले पाठीवर घेणे मास्तराला शोभणार नाही म्हणून मी छत्री घेतली, धोतर गुडघ्यापर्यंत खोचले आणि निघालो. पोरे सगळी शेतातच होती, तेव्हा शाळा बुडाली असे म्हणता येणार नाही. शाळा चिखलात भरली होती.

एका हाताने छत्री धरून भाताची रोपे लावता येत नाहीत, हे मला लगेच समजले. छत्री बांधावर ठेवली. तिथून ती वाऱ्याने ओढ्यात गेली आणि ओढ्याने पुढे कुठे नेली ते माहीत नाही. मी वाकून रोपे लावू लागलो. रोप चिखलात खोचले की ते आधी नम्रपणे आडवे होई आणि मग पाण्यावर तरंगू लागे. तरीही मी नेटाने लावत राहिलो, आणि थोड्या वेळाने कंबर सरळ करून पाहतो तो काय, ओळीतले सगळे माझ्या मागे होते. पुंजा मागे, माघी मागे, पहिलीतली एवढीशी सोमीसुद्धा मागे. मी सर्वांच्या पुढे एकटाच होतो. सुशिक्षित माणसाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचा मला अभिमान वाटला. मी वळून सगळ्यांकडे बघून हसलोही.

मग बारक्याने जवळ येऊन मला हळूच सांगितले, "मास्तर, आवनी मागं मागं सरकत करतात."

म्हणजे जो पुढे दिसतो तो मागे राहिलेला असतो. सगळ्यांची ओळ बांधापर्यंत पोहोचली होती आणि माझी निम्मीही झाली नव्हती. पोटात भूक होती, पाऊस अंगावर येत होता, बांधावर भाकऱ्यांची टोपली झाकून ठेवलेली दिसत होती, आणि ओळीतला एकही माणूस तिकडे जात नव्हता. कुणी मला हसले नाही, घाई कर म्हणाले नाही. मी म्हणालो, "तुम्ही जेवून घ्या, मी येतो." त्यांनी माझ्याकडे तसेच पाहिले जसे त्या दिवशी पोरांनी पाहिले होते.

तेवढ्यात बारक्या माझ्या ओळीत शिरला. काही न बोलता त्याने माझी आडवी पडलेली रोपे उभी केली आणि माझ्याबरोबर लावू लागला. दुसऱ्या बाजूने कमू आली. नेमके त्याच वेळी गुप्ते तलाठी बांधावरून छत्री घेऊन चालले होते. त्यांनी मला पाहिले, ओळखले, आणि न ओळखल्यासारखे करून निघून गेले. त्यांचा तो मोठेपणा मी विसरणार नाही. माझी ओळ पुरी झाली तेव्हा सगळे जेवायला बसले, आणि माझ्या भाकरीला चिखल लागला होता तरी ती मला गोड लागली. आपल्यासाठी एवढी माणसे उपाशी थांबली, हे माझ्या बाबतीत त्याआधी कधी घडले नव्हते.

डिप्टीसाहेब दिवाळीनंतर आले. खोडाळ्यापर्यंत एसटीने आणि पुढे बैलगाडीने, त्यामुळे येतानाच त्यांचे सरकारविषयीचे मत चांगले नव्हते. त्यांनी आधी डेडस्टॉक पाहिला. द्वारकेचे खरे झाले होते, तुकड्यांचे काठ उसवले होते. पाड्यातल्या बायकांनी ते वाकाच्या, म्हणजे झाडाच्या तंतूंच्या, दोरीने पुन्हा एकमेकांना शिवून टाकले होते, त्यामुळे आता वर्गात एकच लांब पट्टी होती आणि सगळी मुले एका ओळीत बसली होती. चार पट्ट्या मंजूर, डझनभर तुकडे नोंदलेले, आणि हजर एक. साहेबांनी चष्मा पुसला आणि तो विषय तसाच सोडून दिला.

"तुमची ती सहकारी पद्धत कुठं आहे?" त्यांनी विचारले.

"ही समोर बसली आहे, साहेब."

पडवीत पाडा जमला होता. साहेबांनी कमूकडे बोट केले. "मुली, एका दुकानदारानं सात डझन संत्री आणली. त्यातली सोळा नासली. किती उरली?"

कमूला उत्तर येत होते. तिचे ओठ हललेले मी पाहिले. पण ती बारक्याकडे वळली आणि गप्प राहिली. साहेबांनी जैतूला विचारले. जैतू गप्प. रुपीला, सोमीला. सगळी ओळ गप्प.

"कमू, सांग ना," मी म्हणालो.

"मास्तर, थांब," कमू म्हणाली.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी खिशातून पेन काढले आणि शेऱ्याचे पान उघडले. "टिपणीस, मुलांना काही येत नाही. हे असं असेल तर ही शाळा ठेवून उपयोग नाही."

मी कमूला दरडावले असते तर तिने उत्तर दिले असते. ते मला दिसत होते. शाळा वाचली असती, मी जव्हारला गेलो असतो. पण मला चिखलातली ती दुपार आठवली आणि तोंडातून वेगळेच निघाले.

"साहेब, त्यांना येतं. एक जण मागं आहे. आपल्याला थोडं थांबावं लागेल."

"थांबावं लागेल? मला? माझी एसटी आहे."

दारातून पुंजा म्हणाला, "साहेब, तू बस वायीच. बारक्याचा होतोय."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी तू म्हटल्यामुळे असेल, साहेब मटकन माझ्या खुर्चीवर बसले. खुर्ची एका बाजूला कलली, मी धावत जाऊन ती भिंतीला टेकवली आणि तशीच धरून उभा राहिलो. बारक्या पाटीकडे बघत होता. मग त्याने मान वर करून विचारले, "नासलेली कुठं टाकली?"

"गुरांना घातली," साहेब नकळत म्हणाले.

बारक्याचे समाधान झाले. त्याने पाटीवर चौऱ्याऐंशी आणि त्याखाली सोळा मांडले. चारातून सहा जात नव्हते. तो थांबला. सगळी ओळ श्वास धरून बसली होती, आणि पडवीत माघीने पदर तोंडाशी धरला होता. बारक्याने आठाकडे पाहिले, त्याचा एक खोडला, आणि सावकाश लिहिले.

"अडुसष्ट," तो म्हणाला.

"अडुसष्ट," सगळी ओळ एकदम म्हणाली, इतक्या मोठ्याने की साहेब पुन्हा कलले. मग मात्र त्यांनी विचारावे आणि ओळीने सांगावे असे सुरू झाले. प्रत्येक वेळी आधी बारक्याची वाट पाहिली जाई, आणि मग सगळे एकदम. साहेबांनी घड्याळ पाहणे केव्हा सोडले ते मला कळले नाही. शेवटी त्यांनी शेरा लिहिला आणि वही माझ्यापुढे सरकवली. लिहिले होते, 'मुलांची उत्तरे उशिरा येतात. परंतु सर्वांची येतात. शाळा चालू ठेवावी.'

पुंजाने तो शेरा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितला. पडवीत बराच वेळ बोलणे चालू राहिले.

साहेब पेन मिटत म्हणाले, "टिपणीस, तुमचा बदलीचा अर्ज माझ्याकडे आहे. जव्हारला एक जागा होते आहे. तुमच्यानंतर इथं कुणीतरी पाठवू." मग बाहेर पाहून त्यांनी विचारले, "शाळा केव्हाच सुटली ना? ही मुलं घरी का जात नाहीत?"

खरेच, सगळी पोरे दप्तरे काखेत मारून अंगणात ओळीने उभी होती. ओळीच्या टोकाला बारक्या होता. मी काही विचारायच्या आत कमूने उत्तर दिले.

"मास्तर मागं हाय."

मी साहेबांना म्हणालो, "तो अर्ज राहू द्या, साहेब." मग फळा पुसला, खुर्ची भिंतीला टेकवली, कुलूप लावले आणि बाहेर येऊन त्यांच्यात उभा राहिलो. तेव्हा कुठे पोरे घरी गेली.